पाचवा कस्प

मिरज, रविवार रात्र

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मला डेंटलच करायचंय, पण क्लासमध्ये सांगायची लाज वाटते." आणि मी विचारलं, "जेवलीस का?" फोन ठेवल्यावर आई म्हणाली, पोरगी मनातलं बोलायला आली आणि तुम्ही जेवणावर नेलंत. तिचं खरं आहे. समोरासमोर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लॅब बंद करून इथंच बेंचवर लिहायला बसलोय.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी निकाल लागल्यावर आत्याचा फोन आला, तेव्हा मी म्हणालो, "एमबीबीएस थोडक्यात हुकलं, म्हणून रिपीट करतेय." तू दारात उभी होतीस. तू रिपीट करतेयस ते सरकारी डेंटलची जागा मिळावी म्हणून, कारण खासगी कॉलेजची फी आपल्याला झेपणारी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी खोटं बोललो. बावीस वर्षं लॅबमध्ये दातांच्या कॅपा आणि कवळ्या करून हे घर चालवलं, आणि पोरीला दातांचंच शिकायचंय हे बहिणीला सांगताना माझी जीभ अडखळली. तुझी लाज क्लासमधून नाही आली, माझ्याकडून आली. ती मी परत घेतोय. आज आत्याला फोन करून खरं काय ते सांगितलं.

तुला आठवतं का, सातवीच्या उन्हाळ्यात तू लॅबमध्ये उरलेल्या मेणाची दाढ कोरली होतीस? खालची पहिली दाढ, साधारण सहाव्या वर्षी येते ती. मी कामाच्या घाईत एका पेशंटच्या कॅपेचं मेण तयार करून ठेवलं होतं. तू ते हातात घेऊन फिरवलंस आणि म्हणालीस, "ह्याला चारच उंचवटे आहेत, माझ्या मॉडेलला पाच आहेत." पाचवा कस्प, गालाकडच्या बाजूचा, अगदी मागचा. मी तो घालायलाच विसरलो होतो. तुला कुणी शिकवलं नव्हतं, तू नुसती बघत होतीस. त्या दिवसापासून तू काय होणार हे मला माहीत होतं. उघड बोललो नाही एवढंच.

आता परीक्षेकडे येतो. तुझं एक गाऱ्हाणं मला पटतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पचनसंस्थेचा धडा होता, त्यात दंतसूत्र होतं, दुधाचे आणि कायमचे दात होते. तो धडा पुस्तकातून गेला आणि 2024 पासून नीट या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमातूनही गेला. म्हणजे दातांचे डॉक्टर ज्या परीक्षेतून निवडायचे, तिच्यात दातच नाहीत. हाताचं कसब तर कुणी विचारतच नाही. आपल्याकडे काम पाठवणारे एक डॉक्टर सांगत होते, अमेरिकेत डेंटलच्या प्रवेश परीक्षेत 1972 पर्यंत मुलांना खडू कोरून दाखवावा लागे; पुढे त्याऐवजी आकृत्या ओळखायची चाचणी आली. हे ऐकून मला तुझी मेणाची दाढ आठवली. पण आपल्यासमोर आहे ती नीट, आणि बीडीएसला, म्हणजे डेंटलच्या पदवीला, दुसरं दार नाही. तेव्हा तिलाच नीट धरू.

फिजिक्स मला कळत नाही. पण काम परत येऊ नये म्हणून काय करायचं ते कळतं. लॅबमध्ये माझी एक जुनी वही आहे, रिमेकची. जी कॅप परत आली, तिचं कारण त्याच दिवशी लिहायचं. कड आखूड पडली, चावताना उंच लागली, की रंग जुळला नाही. पहिल्या वर्षी वही भरली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त कामं एकाच कारणानं परत येत होती, कड. मग मी फक्त कडेवर मेहनत घेतली. तूही मॉकची, म्हणजे सराव परीक्षांची, अशी वही कर. येतच नव्हतं, येत होतं पण "अयोग्य विधान निवडा" हे वाचलंच नाही, आकडेमोड चुकली. प्रत्येक चुकीपुढे कारण लिही. आणि ते त्याच संध्याकाळी. अल्जिनेटचं माप, म्हणजे दातांचा मऊ ठसा, आला की आम्ही लगेच प्लास्टर ओततो, कारण ठेवलं की ते आकसतं. दुसऱ्या दिवशी चूक तपासायला बसलीस तर आपण तेव्हा काय विचार केला होता हेच आठवत नाही.

दुसरं म्हणजे, मेणात चूक झाली तर परत मेण लावता येतं. धातू ओतला की संपलं. घरातला सराव म्हणजे मेण, तिथं बिनधास्त चूक. ओएमआर उत्तरपत्रिकेवर काळं पेन टेकलं की ते खोडता येत नाही. 2025 पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटंच आहेत, आधीसारखे सोडून द्यायचे जादा प्रश्न नाहीत. बरोबरला चार, चुकीला वजा एक. दोन पर्याय नक्की कापता आले तर उरलेल्या दोनांतला एक निवडायला हरकत नाही, पण चारही सारखेच वाटत असतील तर पुढं जा. बायोलॉजीचे नव्वद प्रश्न आधी उरकायचे हे तुमचे सर सांगतात ते मला पटतं. त्यातून वाचलेली मिनिटं फिजिक्सला दे. आणि मॉक दुपारी दोन ते पाचच्या वेळेतच दे. जेवल्यावर तुला झोप येते, हे मी तू बालवाडीत होतीस तेव्हापासून बघतोय.

काल लॅबमध्ये दातांचं एक मॉडेल आलं. माझ्यापेक्षा लहान माणसाचं. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं, त्यामुळे डॉक्टरांना माप दोन तुकड्यांत घ्यावं लागलं. गुटखा. राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी अशी मॉडेलं येतच राहतात. आत्याच्या सासूबाई मशेरी लावायच्या, त्यांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पहिल्यांदा कुणी पाहिला, तर दाढ काढायला गेल्या तिथल्या दंतवैद्यांनी. त्याआधी त्या दोन वर्षं गुडघ्यांसाठी दवाखान्यात जात होत्या, तोंडात कुणी डोकावलं नव्हतं. वेळेत कळलं म्हणून आज त्या पंगतीत बसून जेवतात. ज्याला तुझ्या क्लासमधली मुलं "एमबीबीएस नाही मिळालं तर" म्हणतात, ते काम हे आहे.

राज्याच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत भरायचं असतं. पसंतीक्रम आपला आपण लावायचा. मुंबईचं शासकीय, नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, ज्या क्रमानं तुला हवं त्या क्रमानं वर लिही. एमबीबीएस खाली टाकायचं की टाकायचंच नाही, तेही तूच ठरव. तेव्हा मी शेजारी बसेन, पण माउसला हात लावणार नाही.

आईनं शेंगदाण्याचे लाडू दिलेत, ते मैत्रिणींना दे आणि तूही खा. पार्सलमध्ये एक छोटा डबाही आहे, कापसात गुंडाळलेला. सातवीतली तुझी मेणाची दाढ. उन्हात ठेवू नकोस, वितळेल.

तुझा,
बाबा