नाशिकची नाती ‘साधी’ कुणी ठरवली?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला समकालीन कथेतल्या शहरी नात्यांवरचा लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. लेखकांचं वाचन दांडगं आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण नाशिकसारख्या शहरांत नाती अजून साधी-सरळ आहेत, म्हणून तिथून शहरी कथा येत नाही, हे त्यांनी कुणाच्या घरात डोकावून ठरवलं?

माझ्या यजमानांनी २३ वर्षं नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. सकाळी सातच्या सुमाराची गाडी, म्हणजे मी साडेचारला उठून पोळ्या लाटणार. जाऊन-येऊन रोज साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास. मुलगा दहावीला जाईपर्यंत त्याला वडील भेटले ते रविवारी. रात्री इगतपुरी सुटली की त्यांचा मिस कॉल यायचा. एकच रिंग. तिचा अर्थ, आता कुकर लाव. कित्येक दिवस आमच्यात तेवढंच बोलणं व्हायचं. सासूबाई गेल्या तेव्हा खांदा द्यायला नातेवाइकांच्या आधी पासवाल्यांच्या डब्यातली माणसं आली. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. माझ्या नवऱ्याला ती ज्या नावाने हाक मारत होती, ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता ते निवृत्त आहेत. पहिले काही आठवडे पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमधल्या खुर्चीत बसायचे. जायचं कुठेच नव्हतं. मी चहा ठेवायचे आणि पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. लग्नाला २९ वर्षं झालेली माणसं आम्ही, आणि घरात पाहुणा उतरल्यासारखा संकोच. दुपारी दोन ते तीन मी रेडिओ लावून पडते आणि तेव्हा कुणी बोललेलं मला खपत नाही, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं. त्यावरून आम्ही कडाकडा भांडलो. इतकं मनमोकळं भांडायलाही तोवर वेळ मिळाला नव्हता. याला साधं म्हणायचं?

गेल्या वर्षी चार दिवाळी अंक घेतले. शहर म्हटलं की मुंबई-पुण्याचा उंचावरचा फ्लॅट, बाल्कनीत उभी असलेली ती, लॅपटॉपपुढे बसलेला तो, आणि शेवटी वकिलाची नोटीस. तेही खरं असेल, त्या दुःखाला मी कमी लेखत नाही. पण आमच्या नाशिकच्या सिडको वसाहतीत सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारी जोडपी आहेत. एक जण दारात पोचतो तेव्हा दुसरा चपला घालत असतो. घराची किल्ली आणि झोपलेलं मूल एकाच वेळी सोपवलं जातं. हे कुणी लिहायचं?

‘इथून येत नाही’ हे तर मुळीच पटलं नाही. निवृत्त माणूस, त्याची बायको आणि मुलांची घरं हे सगळं ‘नटसम्राट’मध्ये १९७० साली रंगभूमीवर आणणारे वि. वा. शिरवाडकर नाशिकचेच. १९६३ मध्ये पहिला कथासंग्रह देणारे बाबूराव बागूल विहितगावचे, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचे. लेख आजच्या कथेवर होता हे मान्य. पण आज इथे कोण लिहितंय, हे शोधायला लेखक महाशय नाशिकला येऊन गेलेत का?

आणि आजही काम होतं आहे. राज्य नाट्य स्पर्धेत इथल्या केंद्रावर नोकऱ्या सांभाळून मुलं-मुली नाटकं करतात. आमच्या शेजारची मुलगी दिवसभर बँकेत काउंटरवर असते. दोन महिने रात्री अकरापर्यंत तालमी करून तिने घटस्फोट घेऊन परतलेल्या मुलीच्या आईचं काम केलं. प्रयोग संपल्यावर माझ्या शेजारची बाई खुर्चीतून उठेचना. आपल्या अंकात त्या स्पर्धेच्या निकालाच्या चार ओळी आल्या आणि त्यात या मुलीचं नाव चुकीचं छापलं. तिच्या आईने ते कात्रण तरीही ठेवलं आहे, चुकलेल्या अक्षरांवर पेनाने बरोबर नाव लिहून. दुरुस्ती छापावी म्हणून तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं.

– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड