टेलिफोनवाल्या काकांना, त्या रात्रीच्या वायफायबद्दल

काका, नमस्कार.

समोर येऊन बोलले असते तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून हात झटकून चहाचं काढलं असतंत, म्हणून लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या रात्री तुम्ही नुसतं माझं वायफाय चालू करून दिलं नाहीत, त्याहून बरंच जास्त केलंत आणि ते लोकांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गणपतीचा सहावा दिवस, रात्रीचे साडेनऊ. दिवाळी अंकाची 48 पानं तपासून तयार, संपादकांना 12 च्या आत पाठवायची होती कारण सकाळी फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, छपाईला जाणार होता. लॅपटॉप त्याच दिवशी सकाळी दुरुस्तीहून आला होता, तारीख-वेळ सारखी मागे जायची म्हणून आतली ती बटणाएवढी बॅटरी बदलून घेतली होती. चालू केला तर सगळं ठीक, माझं मराठी टायपिंग ठीक, फाइली जागच्या जागी, फक्त वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्हच गायब आणि सेटिंगमधे लिहून आलेलं की वायफाय अडॅप्टर सापडला नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला वायफायचं कार्ड उडालं असणार, नवीन टाकावं लागेल, दोन दिवस लागतील, आणि लिनक्सवर (माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी हीच सिस्टीम आहे) वायफायचं असंच असतं हो मॅडम. फोनचा हॉटस्पॉट लावायला तो लॅपटॉपला दिसायला तर पाहिजे ना, आणि लालबागमधे त्या दिवसांत मोबाईल नेटची काय हालत असते ते तुम्हाला मी सांगायला नको, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते तिथे नेट कुठून मिळणार. मला रडूच यायचं बाकी होतं. आमच्या सासूबाई गॅलरीतून तुम्हाला हाक मारून आल्या, तुम्ही आरती आटपून प्रसादाची वाटी हातात घेऊनच आलात.

तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते मला अजून आठवतंय. "आधी फाइल पाठव, मग फॉल्ट शोधू."

आणि मला हे माहीतच नव्हतं काका, की फोन घरच्या वायफायला जोडायचा, चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावायची आणि फोनच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू करायचं, की घरचंच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईल डेटा लागतच नाही. लॅपटॉपला ते वायरवालं कनेक्शन वाटतं, कुठलाही ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, टाकावा लागला नाही. पावणेदहाला फाइल गेली. तुम्ही तेव्हाच उठून गेला असतात तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात, "तू टाइप कर, मी सांगतो."

मला आधी थोडा रागच आला होता, खरं सांगते. म्हटलं यांना येतंय तर यांनीच करावं ना पटकन, मला सकाळी लवकर उठायचंय. मग तुम्ही टेलिफोनमधल्या नोकरीचं सांगायला लागलात. तक्रार आली की आधी एक्सचेंजमधल्या एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी येऊन मिळतात त्या फ्रेमवर, टेस्ट घ्यायची, फॉल्ट आतला की बाहेरचा ते कळतं, बाहेरचा असेल तर मग रस्त्यावरचा पिलर, मग इमारतीजवळचा डीपी बॉक्स, मग घरातली वायर, एकेक टप्पा तपासत पुढे जायचं, उगाच सगळा रस्ता खणायचा नाही. "वायफायचंही तेच. कुठपर्यंत लाइन जिवंत आहे तेवढं बघ."

तर फोनवर वायफाय चालत होतं म्हणजे राउटर सुटला. मग लॅपटॉपच्या आतले भाग दाखवणारी कमांड, एलएसपीसीआय, टाइप करायला लावलंत, मधे स्पेस, डॅश, एनएनके, सगळं लहान लिपीत. लांबलचक यादी आली, त्यात नेटवर्क कंट्रोलर म्हणून माझं कार्ड सरळ दिसत होतं. तुम्ही म्हणालात बघ, हे हाकेला ओ देतंय, उडालेलं कार्ड सहसा या यादीत येतच नाही. मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं! पण त्याच्या खाली जी ओळ असायला हवी, की कुठला ड्रायव्हर वापरात आहे, ती नव्हतीच. म्हणजे लाइन तुटली ती कार्ड आणि सिस्टीमच्या मधे. मग आरएफकिल लिस्ट या कमांडने वायफायचा रेडिओ कुठे बंद केलेला नाही ना ते पाहिलं, तसं काही नव्हतं. मग मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हर हाताने चढवायला गेलो आणि तिथे खरं उत्तर मिळालं, "Key was rejected by service", म्हणजे चावी नाकारली. मला वाटलं आता संपलं. तुम्ही मात्र खूष झालात, म्हणालात फॉल्ट सापडला.

तुम्ही जे समजावलंत ते मी तेव्हापासून तिघांना सांगितलंय. लॅपटॉपमधे सिक्युअर बूट नावाचं एक सेटिंग असतं, ते चालू असलं की सुरू होताना ज्याच्यावर ओळखीची सही आहे तेच आत घेतात, म्हणजे कुणी वाईट प्रोग्राम मधेच घुसवू नये. भाच्याने तीन वर्षांपूर्वी लिनक्स टाकताना ते बंद करून ठेवलं होतं. आतली बॅटरी काढली तेव्हा सगळी सेटिंग मूळ जागी गेली आणि ते पुन्हा चालू झालं. खुद्द लिनक्सवर मान्य सही होती म्हणून ते आरामात सुरू झालं, पण माझ्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळा, बाहेरून आणून इथेच लॅपटॉपवर बनवलेला, त्याची सही लॅपटॉपच्या ओळखीची नव्हती. "मंडपाच्या मागच्या दाराला आज नवा कार्यकर्ता उभा आहे असं समज," तुम्ही म्हणालात, "आत येणारा पोरगा आपलाच आहे, पण पास नाही म्हणून तो कार्यकर्ता सोडत नाही. आता दार सताड उघडं टाकायचं की पोराला पास काढून द्यायचा?"

बाहेर ढोल वाजत होते आणि मला एवढं लख्ख समजलं ना.

पास काढायचा ठरला. मोकयूटिल या कमांडने आधी खात्री केली की सिक्युअर बूट खरंच चालू आहे, मग ड्रायव्हरवरची सही ओळखायला लागणारी, लॅपटॉपवर आधीपासून बनलेली एमओके नावाची चावी इम्पोर्ट केली, एक पासवर्ड मागितला, तुम्ही म्हणालात फक्त आकडे घाल कारण पुढच्या स्क्रीनवर तुझा मराठी कीबोर्ड नसणार. रीस्टार्ट केल्यावर तो निळा स्क्रीन आला आणि मी चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद संपून लॅपटॉप तसाच चालू झाला. परत पहिल्यापासून. तुम्ही एका शब्दाने काही बोलला नाहीत, नुसतं "चष्मा डोळ्याला लाव आणि बोट बटणावर ठेवून बस" म्हणालात. दुसऱ्या वेळी एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, ते आकडे, रीबूट, आणि वायफायचं चिन्ह कोपऱ्यात जसंच्या तसं! सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं एवढं ओरडायला.

साडेअकरा वाजले होते. तरी तुम्ही उठला नाहीत, म्हणालात हे तुटक तुटक चालेल बघ, आणि एनएमसीएलआय या कमांडने आजूबाजूची वायफाय मोजायला लावलीत, आपल्या मजल्यावरची, समोरच्या चाळीतली मिळून 31 नावं आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच लेनमधे, म्हणजे चॅनल 6 वर, आमचंही तिथेच. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आमचं 11 वर नेलं. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर संपादकबाईंचा चेहरा अडकत नाही.

तुम्ही सांगितलेला क्रम मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. कार्ड दिसतंय का, ड्रायव्हर चढलाय का, रेडिओ कुणी बंद केलाय का, नावं दिसतायत का, आणि जोडल्यावरही नेट नसेल तर आधी गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग करायचं, म्हणजे तिकडून उत्तर येतं का बघायचं, आकड्याला जातंय पण साइटच्या नावाला जात नाही तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावाचा आकडा शोधून देणाऱ्या सेवेची. गेल्या आठवड्यात चौथ्या खोलीतला कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, त्याच्याही मित्राने लिनक्स टाकून दिलेलं, वायफाय बंद, आणि तोही नवीन कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला निघालेला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. तिसऱ्या पायरीला सापडलं काका, आरएफकिलमधे हार्ड ब्लॉक्ड येस, म्हणजे कमांडने सुटणारं नाही, बाहेरचं बटण बघायचं. लॅपटॉपच्या कडेला बारीकसा सरकता स्विच होता, दप्तरात घासून बंद झालेला. हे तुम्हाला कधी सांगते असं झालं होतं मला, पण तुम्ही गावाला गेला होतात.

त्या रात्री मी तुम्हाला धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, तुमची प्रसादाची वाटीसुद्धा आमच्याकडेच राहिली. काका, तुम्ही दिवसभर मंडळाच्या कामात उभे होतात, पाय सुजलेले दिसत होते मला, आणि तरी दोन तास बसलात, एकदाही कीबोर्ड हातातून घेतला नाहीत. खूप खूप आभार.

अंकाची पहिली प्रत शुक्रवारी येतेय. तुम्ही परत आलात असं सासूबाई म्हणाल्या, तर शुक्रवारी संध्याकाळी ती घेऊन येते, वाटीही आणते, आणि काकूंना सांगा रिकामी नाही आणणार.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची प्रूफवाली