भंगारातले क्रोमियम आणि मशिनवर तुटणारे इन्सर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपमध्ये ‘कास्टिंग (ओतीव नग) हार्ड आले’ ही तक्रार नित्याची झाली असून तिचे खापर बहुधा मशिन चालवणाऱ्यावर फुटते. भट्टीत कोणते भंगार पडले, याची चौकशी क्वचितच होते.

बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साधारण 3 ते 3.5 टक्के कार्बन आणि 2 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने सुटा झाला तर बीड करडे आणि मशिनिंगला सोपे होते. तोच लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड झाला तर पांढरे, कठीण आणि ठिसूळ. सिलिकॉन पहिल्या बाजूला ओढते, क्रोमियम दुसऱ्या. निकेल आणि तांबे ग्रॅफाइटला साहाय्य करून ताकदही वाढवतात, म्हणून ती मुद्दाम घातली जातात. मँगेनीज गंधकाला बांधून ठेवते, तर फॉस्फरसने वितळलेला रस पातळ वाहतो, पण नग ठिसूळ होतो.

खरी अडचण जाडीची आहे. जे थोडे क्रोमियम जाड भागात झीज रोखते, तेच पातळ कडेला, जिथे रस चटकन थिजतो, चिल (पांढऱ्या, कठीण बिडाचा थर) आणते. असा कोपरा तोडून पाहिला तर आतल्या करड्या भागाभोवती चकचकीत पांढरी किनार दिसते आणि इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा बदलता तुकडा, नेमका तिथेच तुटतो. आमच्याकडे एकदा आलेल्या भंगारात बेअरिंगचे तुकडे मिसळलेले निघाले. बेअरिंगच्या स्टीलमध्ये दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असते, इंडक्शन भट्टीत ते फारसे जळत नाही आणि गेट-रायझर (ओतताना नगाला जोडून राहणारे जादा भाग) पुन्हा वितळवले की पुढच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या पुढच्या खेपेत, परत येते. पुरवठादाराने अर्थातच हात वर केले.

ऑर्डरवर मात्र ‘एफजी 260’ एवढेच लिहिलेले असते. करड्या बिडाचा हा ग्रेड 30 मिमी व्यासाच्या वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारची ताकद सांगतो, पाच मिमीच्या कडेबद्दल काहीच नाही. तेव्हा खरेदीदारांनी क्रोमियमची कमाल मर्यादा आणि कडेवरची हार्डनेस ऑर्डरमध्येच नमूद करावी, तसेच फाउंड्रीचालकांनी प्रत्येक हीटची पाचर (पाचरीच्या आकाराचा चाचणीचा तुकडा) ओतून, ती तोडून, चिल किती खोल गेला ते पाहिल्याशिवाय साचे भरू नयेत, अशी विनंती आहे. या चाचणीला स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारे यंत्र) लागत नाही, साच्यासाठी मूठभर वाळू पुरते.

आपला विश्वासू,
ओतकामातील एक वाचक, सिडको, नाशिक