अल्मा टेलर कुठे आहे?

संपादक महोदय,

मूकपटांवरील आपल्या लेखात एकाही ब्रिटिश नटीचे नाव नाही, हे खटकले. अल्मा टेलर (१८९५–१९७४) १९०७ मध्ये, कोवळ्या वयात, चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या इंग्लंडमधील वॉल्टन-ऑन-टेम्स येथील स्टुडिओत आली. ‘टिली’ या खट्याळ मुलीच्या लघुपटांत नटी क्रिसी व्हाइटशी तिची जोडी जमली. १९१५ मध्ये एका चित्रपट-नियतकालिकाने घेतलेल्या वाचक-कौलात तर तिने चॅप्लिनलाही मागे टाकले! मग तिचे चित्रपट आज इतके थोडे का? १९२४ मध्ये हेपवर्थ यांची कंपनी बुडाली आणि तिच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह विकून वितळवल्या गेल्या. त्या काळी चित्रपटांसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रेट फिल्मपासून विमानाच्या पंखांवरील कापडाला लावायचे रोगण बनत असे, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होते. बोलपटांत तिच्या वाट्याला किरकोळ भूमिकाच आल्या.

– एक वाचक, पुणे