मासे मरण्याआधी किडे मोजा

प्रति,
संपादक,

महोदय,

पंचगंगेत किंवा इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच दिसला की बातमी येते, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात आणि अहवालाची वाट पाहणे सुरू होते. तोवर विषारी लोंढा कधीच पुढे गेलेला असतो. महिन्यातून एकदा भरलेली बाटली त्या एका क्षणाचे पाणी सांगते. रात्री दोन वाजता कोणी काय सोडले, ते तिला कळत नाही. नदीच्या तळाला दगडाखाली राहणाऱ्या किड्यांना ते कळते, कारण ते महिनोन्महिने तिथेच असतात. इंग्लंडमध्ये ट्राउटच्या नद्यांवर हे किडे मोजण्याचे काम सामान्य स्वयंसेवक करतात. ते नेमके कसे चालते, हे इथे राहणारे आणि या कामाशी संबंध असलेले मराठी वाचक म्हणून आम्ही लिहीत आहोत.

ट्राउट हा थंड, वाहत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला मासा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस हे पाण्यात वाढणारे आणि पुढे पंख फुटून उडणारे कीटक त्याचे मुख्य खाद्य. गळाला या किड्यांच्या प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मासेमारांना त्यांची ओळख आधीपासूनच होती. त्याच ओळखीवर मासेमार आणि नदीसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या ‘रिव्हरफ्लाय पार्टनरशिप’ या गटाने 2007 पासून देशभर मोजणीची एक साधी पद्धत रुजवली. प्रशिक्षण एका दिवसाचे. प्रजाती ओळखायची गरज नाही, आठ गट ओळखता आले की झाले: घरटे करणारी कॅडिसची अळी, घरटे न करणारी कॅडिसची अळी, गाळात बिळे करणारी मोठी मेफ्लाय, ब्लू-विंग्ड ऑलिव्ह, दगडाला चिकटणारी चपटी मेफ्लाय, ऑलिव्ह (दोन्ही ऑलिव्ह मेफ्लायच), स्टोनफ्लाय आणि गोड्या पाण्यातला गॅमरस नावाचा झिंग्यासारखा जीव.

लागणारे सामान फार नाही: सुमारे 25 सेंटिमीटर रुंद तोंडाची, 1 मिलिमीटर छिद्रांची लांब दांड्याची जाळी, बादली, पांढरा ट्रे, कप्प्यांचा छोटा ट्रे, प्लास्टिकचा चमचा, ड्रॉपर, भिंग आणि स्टॉपवॉच. पाणी गुडघ्याच्या वर नको, आणि एकट्याने उतरायचे नाही. जाळीचे तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवायची आणि तिच्या वरच्या अंगाला उभे राहून पायाने तळ ढवळायचा. बरोबर तीन मिनिटे. ही तीन मिनिटेही वाटून द्यायची: पात्रात जितका भाग खळखळत्या गोट्यांचा, जितका पाणवनस्पतींचा, जितका काठच्या गाळाचा, त्या प्रमाणात. त्यानंतर एक मिनिट मोठे दगड उचलून हाताने चाचपायचे, कारण चपटी मेफ्लाय आणि दगडाला घट्ट बसलेली कॅडिसची घरटी नुसत्या लाथांनी सुटत नाहीत.

चुका इथेच होतात. जाळी तळापासून बोटभर जरी उचलली गेली, तरी बरेच किडे खालून निसटतात. एका महिन्यात जोर लावून ढवळणारा आणि दुसऱ्या महिन्यात नाजूकपणे पाय हलवणारा, अशी माणसे बदलली तर आकडा नदीचा राहत नाही, माणसाचा होतो. ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर नदीचेच पाणी घ्यायचे आणि ट्रे सावलीत ठेवायचा. उन्हात पाणी तापले की स्टोनफ्लाय सर्वांत आधी माना टाकतात. हिवाळ्यात गोट्यांमध्ये ट्राउटची अंडी असतात, तेव्हा तळाची ताजी उकरलेली, फिकट दिसणारी जागा तुडवायची नाही. माशांच्या काळजीपोटी त्यांचीच अंडी चिरडणारे उत्साही लोकही असतात!

ओळख पटवताना घाई नको. स्टोनफ्लायला शेपट्या दोन आणि पोटाच्या कडेला कल्ले नाहीत. मेफ्लायच्या पिल्लांना बहुधा तीन शेपट्या, आणि पोटाच्या कडेने कल्ले. पण शेपट्या सहज तुटतात, म्हणून फक्त त्या मोजून निकाल द्यायचा नाही, कल्ले बघायचेच. ऑलिव्ह छोट्या माशासारखी सुळकन पळते, ब्लू-विंग्ड ऑलिव्ह संथ सरपटते, चपटी मेफ्लाय ट्रेच्या तळाला चिकटून बसते आणि तिचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. कॅडिसचे घरटे म्हणजे वाळूची किंवा पानांच्या तुकड्यांची नळी. ते रिकामेही असू शकते. मिनिटभर थांबा, अळीने डोके बाहेर काढले तरच मोजा.

गुणांकन सोपे आहे. एखाद्या गटाचे 1 ते 9 जीव मिळाले तर 1 गुण, 10 ते 99 ला 2, 100 ते 999 ला 3, हजार आणि त्यावर 4. आठही गटांच्या गुणांची बेरीज हा त्या जागेचा त्या महिन्याचा आकडा. सरकारी पर्यावरण संस्थेतील जीवशास्त्रज्ञ प्रत्येक जागेसाठी एक धोक्याची पातळी आधीच ठरवून देतो. बेरीज तिच्याखाली गेली, तर शेजारीच लगेच दुसरा नमुना घ्यायचा. तोही कमी आला, तर ठरलेल्या अधिकाऱ्याला फोन. कायदेशीर नमुना तो अधिकारीच घेतो. स्वयंसेवकाचे काम धोका वेळेत कळवण्याचे. मोजून झालेले किडे पुन्हा नदीत सोडले जातात.

एखादा गट न दिसणे म्हणजे प्रदूषण नव्हे, हेही कळले पाहिजे. ब्लू-विंग्ड ऑलिव्ह हिवाळ्याचा बराच काळ अंड्याच्या रूपात असते, तर मोठी मेफ्लाय मे-जूनमध्ये पंख फुटून उडून जाते. म्हणून एका गटापेक्षा बेरजेला महत्त्व. कोण गेले आणि कोण उरले, यावरून कारणाचा अंदाजही बांधता येतो. सांडपाण्याने प्राणवायू घटला की आधी स्टोनफ्लाय जातात आणि गांडुळवर्गीय कृमी वाढतात. कीटकनाशक आले, तर किडे आणि गॅमरस एकदम नाहीसे होतात, पण गोगलगायी आणि मासे तसेच फिरताना दिसतात.

केनेट नदीवर जुलै 2013 मध्ये हेच घडले. रेडिंगला थेम्सला मिळणाऱ्या या नदीत मार्लबरो गावाखाली सुमारे 15 किलोमीटर पट्ट्यातले किडे आणि गॅमरस मेले. नियमित मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी ते पकडले, आणि तपासात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले. माशांवर विसंबून राहिले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता. ब्रिटनने 2016 मध्ये या कीटकनाशकाचे जवळजवळ सगळे वापर बंद केले. आपल्याकडे ते शेतात आणि वाळवीसाठी आजही वापरले जाते.

सह्याद्रीत ट्राउट नाही आणि ही आठ गटांची यादी तशीच उचलून चालणार नाही. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आपल्या ओढ्यांतही आहेत, पण अनेक ओढे उन्हाळ्यात आटतात, पावसाळ्यात पूर तळ धुऊन नेतो आणि त्या पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. मोजणीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा, आणि किमान दोन मोसमांच्या नोंदी झाल्याशिवाय धोक्याची पातळी ठरवू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तळाच्या जीवांवरून पाण्याला अ ते ई अशा पाच श्रेणी देण्याचे निकष आहेतच. किडे ओळखण्यासाठी पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे. हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची भीती इथेही आहे, आपल्याकडे तर जास्तच. आणि एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना जाळी व बूट धुऊन, खडखडीत वाळवून घ्यावेत, नाहीतर रोग आणि परके जीव आपणच वाहून नेतो.

माणसे मिळतील. महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, गावोगावी नदीसाठी धडपडणारे गट आहेत. अडते ते फोनच्या दुसऱ्या टोकाला. इंग्लंडमध्ये ही पद्धत टिकली ती ठरलेल्या पातळीमुळे आणि ठरलेल्या अधिकाऱ्यामुळे. तो नसेल तर वहीत आकडे भरण्यात अर्थ नाही. स्वयंसेवक वर्षभरात कंटाळून घरी बसतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रत्येक उपप्रादेशिक कार्यालयाने एका अधिकाऱ्याचे नाव, सुटीच्या दिवशीही उचलला जाणारा क्रमांक आणि फोन आल्यावर किती तासांत नमुना घेतला जाईल, हे जाहीर करावे. नोव्हेंबरात मोजणी सुरू करायची, तर हे ऑक्टोबरच्या आत व्हायला हवे.

आपले,
काही मराठी वाचक,
रेडिंग, इंग्लंड