1999 च्या व्हॅनची व्हॅक्यूम पाइपची आकृती न मिळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय,

आपल्या कंपनीची 1999 ची कार्बोरेटरवाली पेट्रोल व्हॅन माझ्याकडे आहे. जानेवारीत हेड गॅस्केटचे (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचे) काम काढले, तेव्हा व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनची हवेची ओढ इतर भागांना पोचवणारे, जुने पाइप हात लावताच तुटले. रबर पार कडक झाले होते. मिस्त्री कामाला पक्के आहेत, पण कुठला पाइप कुठे, हे आकृतीशिवाय त्यांनाही सांगता येईना.

कार्बोरेटरवरची दोन निपल, म्हणजे पाइप बसवायच्या छोट्या नळ्या, दिसायला सारखीच आहेत. एक थ्रॉटलच्या झडपेखाली, तिथे इंजिन आयडलवर (रेस न देता नुसते चालू) असतानाही भरपूर ओढ असते. दुसरे झडपेच्या वर, तिथे रेस दिल्यावरच ओढ सुरू होते. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाचा) पाइप चुकीच्या निपलला लागला की ठिणगीचे टायमिंग बिघडते. आम्ही अंदाजाने लावला. गाडी चालू झाली, पण आयडल कधी चढे, कधी उतरे.

ब्रेक बूस्टरचा, म्हणजे ब्रेक दाबायला जोर पुरवणाऱ्या भागाचा, पाइपही माप माहीत नसल्याने किंचित सैल बसला होता. आईला गावी सोडून केळघर घाट उतरताना तो निसटला. फुस्स आवाज आला, इंजिन घरघरले आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे झाले. गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली. मागे माझी मुलगी बसली होती. तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी आपल्याला तीन मेल केले. आधी चासी नंबर मागितलात, तो दिला. मग आकृती आली ती इंजेक्शनच्या मॉडेलची, जिच्यात कार्बोरेटरच नाही! शेवटी गाडी अधिकृत वर्कशॉपला न्या म्हणालात. साताऱ्यातल्या वर्कशॉपने इतक्या जुन्या गाडीचे आमच्याकडे काही नाही म्हणून परत पाठवले. त्याच संध्याकाळी माझी तक्रार 'निकाली' दाखवली गेली. सगळ्यात जास्त मला हेच लागले.

तांत्रिक माहिती आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. मला तर सर्व्हिस मॅन्युअलमधले एकच पान हवे आहे, पाइपच्या आतल्या व्यासासह. झेरॉक्सचा खर्च मी देईन.

पंधरा दिवसांत पान न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तोवर गाडी दारात उभी आहे. चासी नंबर आणि कार्बोरेटरचे फोटो पुन्हा सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
सातारा