वाळवी, एक पुराण आणि तुझे पुस्तक

फोंडा, गोवा
31 डिसेंबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षअखेरीस आपण एकमेकांना वाचलेल्या पुस्तकांची यादी कळवतो, त्या शिरस्त्याप्रमाणे लिहायला बसलो आहे. पण यंदाची माझी यादी पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. वहीत अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या चारांविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि ज्या कादंबरीची तू फोनवर एवढी भलामण केलीस ती मी नव्वदाव्या पानावर मिटून ठेवली. रागावू नकोस, तिच्यातली माणसे फारच शहाण्यासारखी बोलतात.

यादी आखूड राहण्याचे कारण मात्र मला कबूल केले पाहिजे, कारण त्यात तुझाही संबंध आहे. जुलैत पाऊस असा लागून राहिला की मागच्या खोलीची भिंत ओलीने काळी पडली. कपाट त्याच भिंतीला टेकलेले. मी आपला डांबराच्या गोळ्या टाकून निश्चिंत होतो. एके दिवशी खालच्या कप्प्यातले एक पुस्तक ओढले, तर पुठ्ठा हातात आला आणि आतून मातीचा चुरा सांडला. वाळवीने फळीला मागून भोक पाडून सबंध कप्पा आतल्या आत पोखरला होता. बाहेरून पाठी सगळ्या शाबूत, नावे वाचता येत होती. त्या कप्प्यात, पुण्याला जाताना तू माझ्याकडे ठेवून गेलेली बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्राची प्रत होती. इतके महिने हे तुला सांगायचे मी टाळत आलो.

त्या अपराधी भावनेनेच मी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागलो. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेले हे ग्रंथालय आता कृष्णदास शामांच्या नावाने ओळखले जाते, हे तुला ठाऊक आहेच. तिथे बसून मी ‘निवेदन’ पुन्हा वाचले. कॉलेजात आपण ते साहसकथेसारखे वाचले होते: सांकवाळचा, नारळाच्या बागा सांभाळणारा एक तरुण ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचतो काय आणि 1899 साली घर सोडून निघतो काय, मग पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप. यंदा माझे लक्ष मागे राहिलेल्या बायकोकडे आणि तान्ह्या मुलीकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. वयाचा परिणाम असेल. पण कोसंबी स्वतःची कुतरओढ कुठेही सजवून सांगत नाहीत, की त्या कुतरओढीबद्दल वाचणाऱ्याला त्यांची कीव यावी अशी अपेक्षाही करत नाहीत. म्हणूनच वाचणाऱ्याला ती अधिक लागते.

त्यानंतर महादेवशास्त्री जोशींचे ‘आत्मपुराण’ घेतले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचा हा माणूस पुण्यात राहून संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे करतो, आणि त्याची पत्नी सुधाताई 1955 साली म्हापशाला सत्याग्रहात उभी राहून पोर्तुगिजांच्या तुरुंगात जाते. या घराची गोष्ट मी तुला निवांत सांगेन, कारण सबंध पावसाळा मला ज्याने धरून ठेवले ते पुस्तक वेगळेच आहे.

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, म्हणजे बायबलातली कथा मराठी ओव्यांत. हसू नकोस. मराठीला मोगरीची आणि कस्तुरीची उपमा देणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेत आपल्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. त्यापलीकडे जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, याकडे आपण ढुंकूनही पाहिले नाही. हा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि 1616 साली राशोलला त्याचे पुराण छापले गेले तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. बोरीच्या पुलावरून मडगावला जाताना ज्याच्या इतक्या जवळून आपण शेकडो वेळा गेलो, ते हे राशोल. त्या काळच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. जे उरले ते हस्तलिखितांमुळे.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? धर्मांतराच्या इतिहासाचे मला वाटते ते तुला माहीत आहे, आणि या पुस्तकाने ते बदललेले नाही. पण त्या माणसाचा प्रश्न मला वाचकाचा प्रश्न वाटला. देव बदलला, नाव बदलले, तरी संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकायला काहीतरी हवे, ही त्याची गरज बदललेली नव्हती. आणि स्टीफन्सला ती कळली, हे त्याचे मोठेपण.

मनातल्या मनात वाचताना ओवी अडखळत होती, म्हणून मी ती मोठ्याने वाचू लागलो. ग्रंथालयातून प्रत घरी आणलेली होती. एका संध्याकाळी वीज गेली, मी मेणबत्ती लावून आदामाच्या कथेत होतो, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारले, “खंयचो अध्याय वाचता रे?” वैकुंठ, परमेश्वर, असे शब्द आणि ओवीची ती चाल कानांवर पडल्यावर तिला दुसरे काय वाटणार? मी खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग निवडायची भाजी घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली आणि म्हणाली, वाच. पुढचे आठ-दहा दिवस तसेच चालले. चतुर्थीची धांदल आणि गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचे सामान यांत ते थांबले. अजून निम्मेही झालेले नाही. तेव्हा अकरातली एक नोंद तशी खोटी आहे, हे समजून घे.

आता तुझ्या प्रतीविषयी. ऑक्टोबरच्या उन्हात अंगणात सुपावर पसरून मी ती वाळवली. पहिली चाळीसएक पाने गेली, म्हणजे नेमकी कोसंबी घर सोडेपर्यंतची. पुढचा मजकूर बहुतेक शाबूत आहे आणि समासातल्या तुझ्या पेन्सिलीच्या खुणाही दिसतात. गेलेली पाने मी ग्रंथालयाच्या प्रतीवरून वहीत उतरवून काढायला घेतली आहेत. रोज दोन पाने होतात. तू मे महिन्यात आंब्यांच्या दिवसांत येशील तेव्हा दोन्ही एकत्र बांधून तुझ्या हाती देईन. नवी प्रत विकत आणून देऊ का, ते तेवढे कळव; मला स्वतःला ते पटत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी यादी लवकर पाठव.

तुझा,
स्नेहांकित मित्र